एकवीस दाते

३ फेब्रुवारी १९४६, सकाळ
नवी डायरी. जानेवारीची पानं कोरी गेली, त्याला इलाज नाही, डायरीच परवा हातात पडली. आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं.

केदारखेड्याहून मेहुण्याचं, रामकिसनचं पत्र. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, द्वारकाताईला लगेच पाठवा. हिनं तासाभरात गाठोडं बांधलं. म्हणते, पुंजारामला बैलगाडी जुंपायला सांगा, उद्या रात्रीपर्यंत जालना, तिथून सकाळची सर्व्हिस मोटार, परवा दुपारी आईपाशी.

साफ नाही म्हटलं. अख्ख्या तीर्थपुरीत फटफटी एकच, आणि ती माझी. लढाई संपल्यावर सिकंदराबादच्या मिलिटरी लिलावातून आणलेली. अशा माणसाच्या बायकोनं सालगड्याच्या गाडीत धूळ खात माहेरी जायचं? चेन तेवढी तुटली आहे. दोन दिवसांचं काम. मग न्याहारी इथे आणि जेवण केदारखेड्याला.

तिनं गाठोडं सोडलं नाही. उंबऱ्याजवळ ठेवलं आहे. येता-जाता पायात येतं.

४ फेब्रुवारी
चेन तपासली. तुटली आहेच, शिवाय ताणलीही आहे. इंजिनाकडच्या चक्रीचे दाते झिजून आकड्यासारखे वाकलेत. (कॅटलॉगात स्प्रॉकेट म्हणतात.) म्हणजे दोन्ही बदलायला हवं. नुसती चेन बदलणं हे अडाण्याचं काम.

दिवसभर कॅटलॉग वाचला. सोळापासून एकवीस दात्यांपर्यंत चक्र्या मिळतात. दाते वाढले की स्पीड वाढतो, असा तक्ता दिला आहे. तक्त्याखाली चढाबद्दल काहीतरी आहे, पण अक्षर फार बारीक.

ही दोनदा विचारून गेली. सांगितलं, हा रेशोचा विषय आहे.

६ फेब्रुवारी, जालना
पुंजारामच्या गाडीनं आलो. निघताना ही म्हणाली, मलाही घ्या, जालन्याहून मी मोटारीनं जाईन. तिला समजावलं की ही ट्रिप टेक्निकल आहे. वाटेत पुंजाराम म्हणाला, बाईसाहेब रडून राह्यल्या. त्याला म्हटलं, बैलांकडे बघ.

जिनिंगमधल्या भुजंग मिस्त्रीकडे मोडीत निघालेल्या मिलिटरीच्या गाडीची सोळा दात्यांची चक्री आहे, चेनसकट. जवळजवळ नवी. म्हणाला, घेऊन जा, कुणीबी घंट्याभरात बसवंल. मी म्हटलं, मला एकवीसची हवी.

तो म्हणाला, "काकासाहेब, एकवीसची पळंल, पन वढनार न्हाई. मागं बाई बसनार, वाटंत दुधनेचं पात्र हाय. चढाला बसकन मारंल."

पळेल, एवढं त्यानंही कबूल केलं. बाकीचं हा माल खपवण्याचा धंदा. शिवाय सोळा हा काय आकडा झाला? आहेर सोळाचा कुणी करतं का? अकरा, एकवीस, एकावन्न. नव्या कामाला आकडा मंगलच हवा. गावातल्या जोशीबुवांनाही विचारून आलो होतो. त्यांनी पंचांग न उघडता होकार दिला. मुंबईला तार केली. आठ-दहा दिवसांत पार्सल.

८ फेब्रुवारी
घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. मिस्त्री सोळाची जुनी गळ्यात मारत होता, मी फसलो नाही, हेही. ती मग म्हणाली, आठ दिवस आईजवळ आहेत का? मी म्हटलं, वयस्कर माणसं चिवट असतात.

तिनं पुन्हा बैलगाडीचं काढलं. उद्यापासून बैल गुऱ्हाळावर लावले. विषय संपला.

१० फेब्रुवारी
लोड कळल्याशिवाय गिअरिंगचा हिशेब कच्चा राहतो. हिला गुऱ्हाळावर नेऊन गुळाच्या काट्यात बसवलं. गडी हसले. त्यांना शास्त्र काय कळणार. हिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

एक मण नऊ शेर. गाठोड्यासकट एक मण सोळा. गाठोडं सोडून पाहिलं. सुंठ, तुपाचा डबा आणि आईसाठी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. गोधडीच चार शेर. काढायला लावली. एवढीशी गोष्ट, पण टॉप स्पीडवर परिणाम होतो.

१४ फेब्रुवारी
रामकिसनचं दुसरं पत्र. सासूबाई अन्न घेत नाहीत, रोज उजाडलं की दाराकडे बघून विचारतात, द्वारकी आली का? आईला सोडून त्याला न्यायला येता येत नाही. उलट टपाली लिहिलं, काळजी नसावी, एकवीस दात्यांवर येत आहोत.

हीसुद्धा चार दिवस नीट जेवत नाही. पुन्हा काट्यात बसवलं. एक मण पाच शेर. रेशोच्या दृष्टीनं फार चांगलं. म्हटलं, आता गोधडी घ्यायला हरकत नाही. तिला आनंद झालेला दिसला नाही. बायकांना सूट दिली तरी कळत नाही.

१७ फेब्रुवारी
पार्सल आल्याचा सांगावा परवा आला. बैल गुऱ्हाळावरून सोडवून काल जालना गाठलं. हिनं निघताना पुन्हा गाठोडं उचललं होतं. ठेवायला लावलं. येताना गाडीत नवी चेन असणार, बैल थकता कामा नयेत. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर नाकेदारानं पार्सल फोडलं. चेन हे यंत्र धरायचं की दागिना, हे त्याला दुपारपर्यंत ठरवता येईना. शेवटी मीच यंत्र म्हणालो.

१८ फेब्रुवारी
एकवीसची चक्री मोठी असल्यानं चेन दोन कड्या आखूड पडली. कॅटलॉगात हे लिहायला हवं होतं. (लिहिलं आहे. बारीक अक्षरात.) जुन्या चेनच्या दोन कड्या कडूबा लोहाराकडून ठोकून जोडल्या. चक्री झाकणाला घासत होती, झाकण कापलं. अडचणी येतात, माणूस तयार पाहिजे.

१९ फेब्रुवारी
सकाळी दहाला गाडी तयार! ही गाठोडं घेऊन बाहेर आली, गोधडीसकट. म्हटलं, टेस्ट केल्याशिवाय बायकोला बसवणं बेजबाबदारपणाचं होईल. दिवसभर टेस्ट. बाजारापासून मारुतीपर्यंत पाच फेऱ्या. सुरू करायला चार गडी ढकलायला लागतात, पण एकदा सुटली की काय पळते! पाचवी फेरी संपली तेव्हा दिवे लागले होते. उद्या सहाला निघायचं. सगळ्या गावाला सांगून ठेवलं आहे.

२० फेब्रुवारी, दुधनेच्या काठी, दुपार
निघताना पन्नास माणसं होती. सपाटीला गाडी उत्तम. पहिल्या ओढ्याला जरा अडली. ही उतरून चालत वर आली, मी वर थांबलो. असं पाच वेळा झालं. व्यायाम चांगला.

दुधनेच्या पात्रातून वर चढेना. क्लचचा धूर. आम्ही दोघांनी ढकलली, म्हणजे मी हँडल धरलं. निम्म्या चढावर चेन तुटली. नेमक्या कडूबाच्या कड्या. दोष कडूबाचा, एकवीस दात्यांचा नाही.

कापसाची एक गाडी जालन्याकडे चालली होती. हिनं मला न विचारता गाठोडं आत टाकलं आणि चढून बसली. म्हणाली, "तुमी बसा फटफटीपाशी. मी जाते." गाडीची काळजी तिलाही आहे, हे पाहून बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी
पुंजारामनं बैल जुंपून फटफटी ओढत घरी आणली. गाव बघत होतं. जोशीबुवा घरात गेले.

केदारखेड्याहून माणूस निरोप घेऊन आला. सासूबाई १९ तारखेला दिवे लागताना गेल्या. ही पोचली २१ला. राख सावडून झाली होती.

शांतपणे हिशेब केला. आम्ही निघालो २०ला, त्या गेल्या १९ला. म्हणजे दुधनेत चेन तुटल्यानं एक मिनिटही वाया गेलं नाही. टेक्निकली फटफटी निर्दोष आहे. हे हिला समजावून सांगायचं.

२८ फेब्रुवारी
भुजंग मिस्त्रीकडून सोळाची चक्री आणि चेन आणली. त्यानं ती फडक्यानं पुसून हातात ठेवली. बोलला असता तर उत्तर तयार होतं. बसवायला एक तास लागला.

३ मार्च, केदारखेडा
सासूबाईंचा तेरावा. अंधारातच तीर्थपुरी सोडली, जेवणाच्या पंगतीला हजर. दुधना एका दमात चढलो. म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं ठरलं, न्याहारी तिथे आणि जेवण इथे.

सासूबाईंच्या रिकाम्या खाटेवर गोधडी घडी करून ठेवली आहे. जेवणं झाल्यावर ही ओसरीवर आली. फटफटीकडे बघून म्हणाली, "आता कितीची बसवली?"

पहिल्यांदाच तिनं विषयात रस घेतला. मी उत्साहानं सांगितलं, सोळाची.

"मिस्त्रीपाशी पहिल्या दिवशी व्हती, तीच?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१९ तारखेचा हिशेब पाठ करून आलो होतो. पण उद्या सकाळी निघू, तयार राहा, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "माझी लुगड्यांची पेटी तेवढी बैलगाडीनं पाठवा. जल्दी न्हाई." आणि आत गेली. रामकिसन खाली मान घालून पत्रावळी गोळा करत राहिला.

४ मार्च, घरी
एकटा आलो. सपाटीला स्पीड कमी, पण सोळाची ओढते झकास, हे मान्य करावं लागेल. दुधनेचा चढ इंजिनाला कळलासुद्धा नाही. मागे वजन नव्हतं.

वर आल्यावर गाडी उभी केली. ही चालत येईल म्हणून वळून बघत राहिलो. बराच वेळ. मग लक्षात आलं.

उद्या पुंजारामला सांगून पेटी पाठवायची आहे.