अक्काचा वॉर्ड

पिंपळनेर, ६ ऑक्टोबर १९९१

ती. अक्कास देवचंदचा शि. सा. न. वि. वि.

झुलालनानांचा पंचाहत्तरीचा सत्कार आहे आणि भाषण माझ्या गळ्यात पडलंय. त्यांना तुमच्या सावद्याच्या तोतारामभाऊंच्या शेजारी ठेवून बोलावं म्हणतो. कागदावर नाना दोन ओळींत संपतात. एकदा आमदार, चारदा पराभव. तुमचे भाऊ पाच वेळा आमदार, दोनदा मंत्री. तरी बाजाराच्या दिवशी नाना ओट्यावर बसले की डोंगरातली माणसं काही काम नसतानाही त्यांच्याजवळ टेकतात. सकाळी धुक्यातून ती उतरताना दिसतात आणि माझा वर्ग भरायचा राहतो. या ओढीला काय म्हणायचं, ते तू सांग.

तुझी माया अशीच राहो.
देवचंद

सावदा, २० ऑक्टोबर

चि. देवचंदास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मास्तर, ओढीनं नळाला पाणी येत नाही. ते भाऊंनी आणलं, मुलींची शाळाही त्यांचीच. तुझे दाजी गेले तेव्हा बालवाडीतली नोकरी त्यांनीच दिली, हे मी विसरू शकत नाही.

आता खरी गोष्ट. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झालाय. भाऊंनी बोलावून चहा दिला आणि मला नगरपालिकेला उभं राहायला सांगितलं. वर म्हणाले की सभेचं सगळं त्यांचा पुतण्या बघेल, मी फक्त सह्या करायच्या. येताना केळीच्या बागेतून आले. आत सगळा हिरवा उजेड, पाण्याच्या तळाशी चालल्यासारखं वाटलं. पहाटे स्वप्न पडलं. मी सभेत बोलतेय, ओठ हलताहेत, आवाजच नाही. भाऊंना नाही कसं म्हणू?

उत्तराची वाट पाहते. जिवाला जप.
लिलाअक्का

पिंपळनेर, २ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की तोतारामनं पाणी आणलं, ते त्यांना स्वतःला कधीच जमलं नसतं. त्यांचा जन्म माणसांना मागायला शिकवण्यात गेला, आणि मागणारे पुष्कळदा कोरडेच राहिले. हे भाषणात सांग म्हणाले. तुझ्यासाठी एवढंच विचारलं, “अक्काले बोलनं शे, का नुसती सही करनी शे?”

लिहिलेलं भाषण मी फाडलं. तू मात्र मनाविरुद्ध काही करू नकोस.

तुझाच,
देवचंद

सावदा, ३० डिसेंबर

चि. देवचंदास आशीर्वाद.

भाऊंना जाऊन सांगितलं की मी बोलणार असेन तर उभी राहते. ते रागावले नाहीत. पण तिकीट दुसरीला दिलं. मी अपक्ष उभी राहिले. अडतीस मतांनी पडले, हे तुला कळलंच असेल. दोन दिवस घर फार मोठं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली धुरपदाबाई आली. बायकांच्या संडासाला दार नाही, अर्ज करून थकलो, तुम्ही चला म्हणाली. आम्ही चौदा जणी नगरपालिकेत गेलो. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही कोण? धुरपदाबाईनंच सांगितलं की या आमच्या वतीनं बोलणार आहेत. मग मी बोलले. आठ दिवसांत दार बसवू असं लिहून घेतलं.

परतताना ऊन कोवळं होतं, धूळ सोन्यासारखी तरंगत होती. भाऊंची जीप थांबली. त्यांनी कागद वाचला, नानांची तब्येत विचारली. मग हळू आवाजात म्हणाले की त्यांना स्वतःला नाही म्हणणारं माणूस आता जवळ कुणी उरलं नाही, अधूनमधून येत जा. घरी सोडतो म्हणाले. मी त्यांना नमस्कार केला आणि बायकांबरोबर चालत आले.

काल दार बसलं. आतून कडीही आहे.

सुट्टीत ये, म्हणजे भांडता येईल.
तुझी अक्का