विल्फ झिंकचे नाव दगडावर कोरण्याबाबत

मी, एलबर्न कॉर्कम, वय सहासष्ट, धंदा होड्या बांधणे, राहणार स्नेल्स कोव्ह, लुनेनबर्ग काउंटी, नोव्हा स्कॉशिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डॉक्टर म्हणतात फुप्फुसे गेली. डोके गेले असे अजून कोणी म्हटलेले नाही. मरी हिमलमन या गृहस्थाला तसे म्हणायला फार आवडेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. माझे राहते घर, चुलीसकट आणि तळघरातल्या आंबवलेल्या कोबीच्या बरण्यांसकट, व्हर्ना झिंक हिला द्यावे. ती माझा मित्र कै. विल्फ याची बायको. पुतण्या डॅरिलने नाक मुरडू नये. कारण सहाव्या कलमात आहे.

दोन. डॅरिलला माझी होडी, शेवंडीचे सापळे, लाकूड तासायचा वाकस आणि करवती. वाकसाला धार लावून ठेवली आहे. ती तशीच राहील असा भ्रम मला नाही.

तीन. बँकेतली शिल्लक पाथरवटाला. काम एकच: चर्चसमोरच्या दगडावर विल्फचे नाव कोरायचे. या गावातून युद्धावर गेलेल्या प्रत्येकाचे नाव तिथे आहे, मेलेल्याचे आणि परतलेल्याचेही. फक्त त्याचे नाही.

चार. मरी हिमलमनला काहीही देऊ नये. दगडाच्या समितीचा हा कायमचा अध्यक्ष. युद्धाची पाच वर्षे याने गोदामात बसून खारवलेला मासा मोजला, आणि मला भर सभेत विचारतो, "तुम्ही लढलात तरी काय रे? किनाऱ्यावर उभं राहून शिट्ट्याच मारल्या ना?"

हो, मारल्या. सैन्य शत्रूच्या किनाऱ्यावर उतरते तेव्हा कुठली होडी कुठे लागणार, आधी कोण उतरणार, जखमी कुठल्या होडीतून परत जाणार, हे बघणारी नौदलाची लहानशी तुकडी असते. मी आणि विल्फ त्या तुकडीत होतो. सैन्य पुढे निघून जाते आणि आम्ही त्याच वाळूत तोफगोळे खात बसतो. एकदा एक कर्नल वाटेतच नकाशा उलगडून उभा राहिला. विल्फने पत्र्याचा कर्णा तोंडाला लावला. "ओ साहेब, नकाशा पुढे जाऊन वाचा! मागे अख्खी पलटण गळ्याएवढ्या पाण्यात उभी आहे!" कर्नल मुकाट सरकला. असा माणूस दगडावर नको, आणि मरीचा मेहुणा, जो हॅलिफॅक्सच्या मुदपाकखान्यात बटाटे सोलत होता, तो मात्र वरून तिसरा!

पाच. माझी पदके समुद्रात टाकावीत. काठाशी नको, पोरे बुडी मारून काढतील.

सहा. विल्फला का वगळले, ते गावाला तोंडपाठ आहे: त्याने फळी चुकीच्या जागी रोवली आणि अकरा माणसे मेली. व्हर्ना दर नोव्हेंबरला समितीकडे अर्ज घेऊन जाते आणि मरी तिला हेच ऐकवतो. विल्फ एकसष्ट साली हेच ऐकत मेला. आता मी काय झाले ते लिहितो.

सुरुंग काढलेली वाट समुद्रातून कळावी म्हणून किनाऱ्यावर दोन फळ्या रोवतात, एक पाण्याजवळ, दुसरी मागे उंचावर. दोन्ही एका रेषेत दिसत असतील तर होडी सुरक्षित वाटेत आहे. चव्वेचाळीस सालच्या जूनच्या वादळात आमच्या दोन्ही फळ्या उडाल्या. सुरुंग काढणाऱ्यांना वाट पुन्हा मोजायला तास लागणार होता आणि बाहेर होड्या ताटकळत होत्या. आमच्या गावच्या खाडीत फळ्या नसतात. पुढचा काळा खडक आणि मागचा चर्चचा मनोरा एका रेषेत धरून आम्ही धुक्यातही घरी येतो. तिथेही मागे एक मनोरा दिसत होता.

मी म्हणालो, "पुढची फळी मनोऱ्याच्या रेषेत ठोक. मागची नंतर बघू."

विल्फ म्हणाला, "एलबर्न, हे आपलं गाव नाही. तो मनोरा वाटेच्या मागे नाहीये, बाजूला आहे. मोजू दे की त्यांना."

मी पेटी ऑफिसर, म्हणजे त्याच्या वरचा होतो, तो साधा खलाशी. मी ओरडलो, "हुकूम आहे!" त्याने फळी ठोकली. पहिलीच होडी सुरुंगावर गेली.

चौकशीत साहेबाने विचारले, "फळी कोणी रोवली?" विल्फ म्हणाला, "मी." खोटे बोलला नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो.

एकोणचाळीस वर्षे मी मरीवर दात ओठ खाल्ले. मरीला बिचाऱ्याला माहीत नव्हते. मला माहीत होते. वरून चौथे नाव माझे आहे. पाथरवटाने ते छिन्नीने काढावे आणि त्याच जागी विल्फचे कोरावे.

सात. ~~माझ्याकडे असलेला विल्फचा पत्र्याचा कर्णा पास्टरांना द्यावा. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या अकरा नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, त्यांनी सहावे कलम त्यातून वाचावे, कारण मागच्या बाकांवरच्यांना सोयीचे नसले की ऐकू येत नाही.~~

सातवे कलम मी स्वतः खोडले आहे. साक्षीदार शाळामास्तरीण मिस टॅनर यांनी सही करण्यापूर्वी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे मेल्यावरसुद्धा दुसऱ्याच्याच तोंडून, होय रे?" कर्णा मी घेऊन जाईन आणि सहावे कलम मीच वाचीन. उद्या, अकरा वाजता.

सही: एलबर्न कॉर्कम
साक्षीदार: यूनिस टॅनर, शिक्षिका, ओरन व्हायनॉट, शेजारी (खोडलेल्या कलमाजवळ दोघांच्याही सह्या आहेत)
स्थळ: स्नेल्स कोव्ह. दिनांक: १० नोव्हेंबर १९८३