लोहार पाचव्या भागातच मेला

पप्पा, लोहार मेला होता. पाचव्या भागात, किल्ल्याच्या दारात, भाल्यानं. तेव्हा तुम्ही जिवंत होता, माझ्यासमोर कॉटवर मांडी घालून ऐकत होता, पण तो मेल्याचं मी तुम्हाला सांगितलं नाही. हे आज लिहायचं कारण म्हणजे त्या पुस्तकांचा आठवा आणि शेवटचा भाग आला. लेखकाला तो लिहायला इतकी वर्षं लागली की मधल्या काळात तुम्ही गेलात, माझं लग्न झालं, आपली पिंपरीची खोली सुटली, मी आईला घेऊन पुनावळ्याला फ्लॅटमध्ये आले आणि तिचे गुडघे गेले. नवऱ्यानं वाढदिवसाला म्हणून पुस्तक मागवलं. लहानपणी मी ही मालिका वाचत होते, एवढंच त्याला ठाऊक. विटेएवढं जाड पुस्तक तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर पडून आहे आणि मी त्याच्या शेजारी ताट ठेवून जेवते. वाचणार आहेस की त्यावर कुंडी ठेवू, असं नवरा परवा म्हणाला, तर मी त्याच्यावर उगाचच खेकसले. खरं म्हणजे पुढे वाचायचं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. सहावा आणि सातवाही मी कधी वाचलेला नव्हता. तुम्हाला मात्र ते दोन्ही भाग मी वाचून दाखवले होते.

सात पुस्तकांचा तो सुतळीनं बांधलेला गठ्ठा तुम्ही देहूरोडच्या रद्दीवाल्याकडून आणला होतात. कुणा लष्करी साहेबाची बदली झाली आणि घरातली इंग्रजी पुस्तकं रद्दीत निघाली. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण वरच्या पुस्तकावर ऐरणीशी घण उचललेला माणूस होता, म्हणून घेतलीत. मी सातवीत, सेमी इंग्लिशला. कंपनीला गुरुवारची सुट्टी, म्हणून दर गुरुवारी शाळेतून आले की दप्तर टाकायचं, चहा प्यायचा आणि पुस्तकातलं इंग्रजी वाचून तुम्हाला मराठीत सांगायचं. राजे, राखेचे राक्षस, बोलणाऱ्या नद्या, यांत तुम्हाला काडीचाही रस नव्हता. तुम्हाला लोहार पाहिजे असायचा. दोन्ही बाजूंच्या सैन्यांना तलवारी करून देणारा, धार लागली का ते आपल्याच दंडावर पाहणारा. राक्षस आला की तुम्ही "पुढं चल" म्हणायचात आणि लोहार आला की "हळू".

तुमच्या उजव्या हाताची तीन बोटं मला आठवतच नाहीत, मी फार लहान असताना ती गेली. पत्रा कापणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच तो खाली येतो, म्हणजे कुठलाच हात आत राहायला नको. कंपनीतल्या तुमच्या शॉपमध्ये सगळे त्यातलं एक बटण सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून दाबून बांधायचे. एक हात मोकळा राहतो, नग भराभर निघतात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ही गाठ शिकवायची पद्धत होती, आणि शिकवणारे तुम्ही होता. तुमच्या मशीनवरची गाठही तुमच्याच हातची. कंपनीनं कागदावर "किरकोळ दुखापत, कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहिलं आणि तुम्हाला स्टोअरला बसवलं. तिथून तुम्ही डाव्या हातानं मारायला शिकलात. आईला, मला, एकदा पाण्याच्या नळावरून शेजाऱ्याला, इतकं की त्याचे दोन दात मोरीत सापडले. डावा हात उजव्यापेक्षा जोरात लागायचा असं आई म्हणते. मला तुलना करता येत नाही, मी फक्त डावाच खाल्लाय.

पहिल्या भागात एका पहारेकऱ्याचा हात कोपरापासून तोडतात. मी बारा वर्षांची होते, तुमचा हात समोर उशीवर ठेवलेला, म्हणून मी नुसतं "त्याला लागलं" असं सांगून पुढे गेले. तुम्ही थांबवलंत. कुठं लागलं, किती गेलं, रक्त किती आलं, तो ओरडला का, एकेक विचारत गेलात. मी गडबडले तसं पुस्तक माझ्या हातून घेऊन माझ्या तोंडावर मारलंत. नाकातून आलेलं रक्त त्या पानावर अजून तपकिरी दिसतं. मग तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "हात गेला तर हात गेला म्हणायचं. झाकायचं न्हाई. माझ्या कागदावर त्यांनी झाकलं तेवढं बास." त्यानंतर मी कधीच झाकलं नाही. आतडी बाहेर आली की आतडी सांगितली, डोळा फुटला की डोळा. मी आता चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, आणि कुणाचं बोट गेलं तर कागदावर "किरकोळ" लिहू देत नाही. मॅडम फार रंगवून लिहितात, असं मागे बोलतात. ट्यूबच्या जागी आता प्लास्टिकची पट्टी असते, पण गाठ तिथंच असते. मला दिसलं की बांधलेल्या बटणाची गाठ कापते आणि बांधणाऱ्याला एवढ्या शिव्या घालते की तो माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत उभा राहतो. मला तिथं तुम्हीच दिसता, आणि दया येत नाही, राग येतो.

मी दहावीत असताना आपण आत्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. तुमच्या बाहीचं बटण निघालं होतं. एका हातानं ते लावता येईना, तर आईनं चारचौघांत हात पुढे करून लावून दिलं. कोणी हसलं नाही, कोणाचं लक्षही नव्हतं. घरी आल्यावर तुम्ही पोळपाट उचललात आणि आईच्या त्याच मनगटावर दोनदा घातलात. पहिल्यांदा ती ओरडली, दुसऱ्यांदा वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला आणि ती गप्प झाली. दवाखान्यात तिनं मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं. झाकायचं नाही म्हणणारे तुम्ही बाहेर बाकावर बसला होता, आणि तुम्ही ते झाकू दिलंत.

पुढच्या गुरुवारी मी पाचवा भाग उघडला. आई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन भाजी निवडत होती. त्या पानावर लोहार मेला, चार ओळींत. भाला पोटातून आरपार गेला आणि तो गुडघ्यावर येऊन पडला, एवढंच. मी आधी मनात वाचलं आणि मला लेखकाचा असा संताप आला म्हणून सांगू. इतक्या सहज सुटला. मग मी तोंड उघडलं आणि सांगायला लागले की लोहाराला जिवंत पकडलं, त्याच्याच ऐरणीवर त्याचं मनगट ठेवलं आणि त्याच्याच घणानं दोनदा घाव घातला. पहिल्याला तो ओरडला आणि दुसऱ्याला गप्प झाला. हाडाचा आवाज कसा झाला तेही सांगितलं. आईची भाजी थांबली. तुम्ही "हळू" म्हणाला नाहीत, "पुढं चल"ही म्हणाला नाहीत.

तिथून पुढचं सगळं माझं. पाचवा संपल्याचं सोंग केलं, सहावा हातात धरला, आणि आतलं एक अक्षर न वाचता सांगत सुटले. वाचलं असतं तर अडखळले असते. घरात जे घडे ते गुरुवारी लोहाराला सोसावं लागे. तुम्ही मला दाराला आपटलंत त्या आठवड्यात लोहाराचं डोकं किल्ल्याच्या भिंतीवर आपटलं गेलं. आईच्या अंगावर गरम चहा फेकलात, तर लोहाराच्या पाठीवर तापलेलं तेल पडलं. मला तेव्हा वाटायचं, मी कसली हुशार, ह्यांना पत्ताही नाही. हळूहळू तुमचा हात कमी उठायला लागला. बंद झाला असं मी लिहिणार नाही, कारण तो झाला नाही. फक्त बुधवारी तुम्ही जरा जपून असायचात.

मग तुमच्या किडन्या गेल्या. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तुम्ही पंधरा दिवस होता आणि मी कॉलेजमधून थेट तिकडे यायचे, सातवा भाग घेऊन. आता गुरुवारची वाट बघायची नव्हती. तुम्ही कुणाला मारू शकत नव्हता, उठून बसायलाही दोन माणसं लागत, तरी माझा लोहार काही सुटत नव्हता. त्या दिवशी दुपारी मी त्याला खांबाला बांधलं होतं. उजवा हात आधीच निकामी केलेला, डाव्यावर कुऱ्हाड उचललेली. तुमचे डोळे मिटलेले होते. मी बराच वेळ बोलत होते, कुऱ्हाडीचं पातं कसं होतं, कुठं गंजलं होतं, सगळं. आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "पान उलट. लई येळ झाला, एकच पान हाय."

मी पान उलटलं. माझे कान तापले. तेवढ्यात भेटायची वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. तुम्हाला नुसता पानाचा आवाज आला नाही म्हणून तुम्ही तसं म्हणालात, की तुम्हाला सगळंच कळत होतं, हे मी कधी ठरवू शकले नाही. ठरवायचंही नव्हतं. पुस्तकं ट्रंकेत गेली.

मागच्या आठवड्यात गुरुवारी मी घरी होते. आईनं टेबलावरचं ते पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, ह्यात लोहार आहे का अजून. मी म्हटलं, नाही, तो पाचव्यातच मेला. आज पहिल्यांदा हे मोठ्यानं बोलतेय असं माझ्या मनात आलं, तर ती म्हणाली, ठाऊक आहे मला, त्यांनीच सांगितलं होतं. मनगटाच्या त्या गुरुवारनंतर तुम्ही पाचवा भाग डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेला होतात. ड्रॉइंग ऑफिसातल्या कोणाला तरी ते पान वाचायला लावलंत आणि घरी येऊन आईला सांगितलंत. आईनं तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"म्हनले, लोहार कवाच मेलाय. पोरगी त्येच्या नावानं मला मारतीया. म्या म्हनलं, गप करू का तिला? तर म्हनले, न्हाई. मारू दे. गोष्ट खोटी सांगती, पर लागलेलं खरं सांगती."

पप्पा, तुम्हाला वाटत असेल की हे ऐकून मी रडले. मी आधी चिडले. तुम्हाला न कळता मी तुम्हाला मारतेय, एवढी एकच गोष्ट त्या घरात माझी होती, आणि तीही तुम्ही मला परवानगी देऊन माझ्याकडून काढून घेतलीत. निमूट ऐकलंत म्हणून फिटलं असं समजू नका. आईचं मनगट आजही पुरतं वळत नाही, तिला साधं फडकं पिळता येत नाही. मी आईवरही ओरडले, की इतकी वर्षं का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू पुस्तक बंद केलंस, मग मी कशाला उघडू. रडू नंतर आलं, भांडी घासताना. सगळं माहीत असून दर गुरुवारी कॉटवर येऊन बसणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

सहावा भाग वाचायला घ्यायचा म्हणजे माझा सहावा संपवायचा, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच तीन आठवडे टेबलावरच्या पुस्तकाला हात लावत नव्हते. माझ्या सातव्यात लोहार अजून खांबाला बांधलेला आहे. इतकी वर्षं उभाच आहे, डावा हात पुढे धरून. काल गुरुवार होता. दुपारी ट्रंक उघडली, पाचवा काढला आणि आईसमोर बसून त्या चार ओळी मराठीत वाचल्या. भाला पोटातून आरपार गेला. तो गुडघ्यावर आला. पडला. मेला. मी काही झाकलं नाही आणि पदरचं काही घातलंही नाही. आई मनगट चोळत म्हणाली, "सुटला. आता फुडचं वाच."

सहावा उघडला. दुसऱ्याच पानावर राखेचे राक्षस आले. तुम्ही "पुढं चल" म्हणाला असतात. मी सगळं वाचलं, हळू. आठव्यापर्यंत जाणार आहे.

हा कागद सातव्या भागात ठेवतेय, दवाखान्यात उलटलेल्या त्या पानाशी. एक सांगायचं राहिलं. पान उलटल्यावर मी लोहाराला सोडणार होते, कुऱ्हाड खाली येणारच नव्हती, फक्त वेळ संपली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तुमच्या मयतीलाही रडता रडता तेच सांगत होते. तसं काही ठरलेलं नव्हतं, पप्पा. मी पान उलटलं तेव्हा पुढचं मला सुचलंच नव्हतं.