थोरली मावशी

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

मित्रानं, कचरूनं, खताच्या कंपनीची डायरी फुकट दिली. दर पानाच्या खाली युरियाची जाहिरात आहे. हरकत नाही. या पानांवर एक नट घडणार आहे.

आज नगरच्या पेपरात वाचलं. मुंबईची एक कंपनी आपल्या जिल्ह्यात टीव्ही मालिकेचं शूटिंग करणार. नव्या कलाकारांची ऑडिशन रविवारी, माळीवाड्याजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये. घेणार रश्मी मॅडम, कास्टिंग डायरेक्टर. म्हणजे डायरेक्टरच, फक्त आधी येणारा.

वय एकतीस. स्वतःच्या फोटो स्टुडिओत लोकांना 'हसा' म्हणण्यात उमेद चालली. जत्रेच्या नाटकात दरसाल इन्स्पेक्टर करतो. अख्ख्या तिसगावात माझ्या तोडीचा इन्स्पेक्टर नाही. परवाच्या साली खरे फौजदारसाहेब माझ्या एंट्रीला उठून उभे राहिले आणि तसेच निघून गेले. भारावले होते.

आजपासून तंबाखू बंद. 'हाय', 'न्हाई' बंद. घरातसुद्धा 'आहे' आणि 'नाही'च. बायकोला, विजयाला, सांगितलं. ती म्हणाली, रविवारी लग्नाची ऑर्डर हाय, ती आहे का न्हाई तेवढं बघा.

ऑर्डर पाथर्डीच्या एकाला देऊन टाकली.

५ फेब्रुवारी

पोर्टफोलिओ काढला. कॅमेरा स्टँडवर लावायचा, टायमर दाबायचा आणि पळत जाऊन स्टुलावर बसायचं. निम्म्या फोटोंत पळतोय. त्यांना 'ॲक्शन' नाव दिलं. बाकी: प्रेमळ, संतापलेला, विचारमग्न.

आईला विचारमग्न दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला, मग ओवा आणून दिला. म्हणाली, कोमट पान्यासंगं घे, पोट उतरंल.

तंबाखू उद्यापासून नक्की बंद.

९ फेब्रुवारी, रविवार. रात्रीचे आठ

ऑडिशन झाली. सविस्तर लिहितो, पुढे मुलाखतीत लागेल.

हॉलबाहेर ही गर्दी. बहुतेक कॉलेजची पोरं. अनुभवी असा मीच. आत रश्मी मॅडम, पस्तिशीच्या, चष्मा, खादीचा कुर्ता. शेजारी व्हिडिओ कॅमेऱ्यावर ओम नावाचा असिस्टंट. मी पुण्याच्या नाट्यसंस्थेत काम केल्याचं सांगितलं. पुण्यात एकदा नाटक पाहिलंय, म्हणजे संबंध आहेच.

मॅडम म्हणाल्या, कामावरून दमून घरी आलात, बायकोकडे पाणी मागा. मी मागितलं. बाहेरचा पोऱ्या खरोखरच पाण्याचा जग घेऊन धावत आला. मॅडम म्हणाल्या, एवढं मोठ्यानं नको, बायको घरातच आहे. पुन्हा मागितलं. पुन्हा म्हणाल्या, साधं. इतकं साधं मला जमत नाही हे माझ्या उंचीचं लक्षण असावं.

ओमनं कॅमेरा बंद केला. मॅडमनी पोर्टफोलिओ मिटला आणि सहज विचारलं, घरी कोण कोण असतं?

इथे काय झालं ते नीट लिहायला हवं. मी ठरवून काही केलं नाही. कॅमेरा बंद झाला म्हणजे संपलं, एवढंच डोक्यात आलं, आणि तोंडून निघालं, "बायको आहे. आई मी लहान असतानाच गेली."

आवाज आपोआप कापला. डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी मान वर केली. हळूच ओमला म्हणाल्या, चालू कर. मग आणखी सांगायला लावलं. मी सांगितलं. लुगड्याचा वास आठवतो म्हणालो. जेवताना अजून मागे वळून बघतो म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "हे खरं होतं. पहिलं सगळं विसरा. आम्ही कळवू."

'कळवू' म्हणजे निवड. नाहीतर 'नाही' म्हणाल्या असत्या. मुंबईची माणसं तोंडावर बोलतात.

घरी आलो तर आई जेवायची थांबली होती. भूक नव्हती.

१० फेब्रुवारी

विचार केला. त्यात गैर काही नाही. नट हा असाच असतो, आतलं खोदून काढतो. आईला यातलं काही कळायचं कारण नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचं दुःख होत नाही. शिवाय असं बोललं की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. म्हणजे तिचा फायदाच झाला.

आई पहाटे उठून अनवाणी मढीच्या देवाला जाऊन आली. माझं काम व्हावं म्हणून. परत आल्यावर पाय शेकत बसली होती. मी स्टुडिओत जाऊन बसलो. गिऱ्हाईक नव्हतं, तरी बसलो.

२७ फेब्रुवारी

फोन आला! कचरूच्या भावाच्या एसटीडी बूथवर. ओम बोलत होता. रोल आहे. नाव नाही त्या पात्राला, पण डायलॉग आहे. शहरात राहणारा मुलगा आईच्या मयताला पोचतो आणि दारात उभा राहून म्हणतो, "मला यायला उशीर झाला." रश्मी मॅडमनी खास माझं नाव सुचवलंय. म्हणाल्या, त्या माणसानं हे भोगलंय.

शूटिंग मिरजगावला. बरं झालं. इतक्या लांब गावातलं कोणी येणार नाही.

घरी रोल सांगितला, पण थोडा बदलून. शहरातून आलेला मोठा अधिकारी, असं सांगितलं. आईनं साखर वाटली.

१४ मार्च, शुक्रवार

लिहायला नको वाटतंय. पण रोज लिहायचं हा नियम आहे.

सकाळी पहिल्या एसटीनं मिरजगाव गाठलं. सेटवर मान मिळाला. खुर्ची मिळाली. रश्मी मॅडम स्वतः येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, अवघड जाईल तुम्हाला, हवा तेवढा वेळ घ्या. मी मान खाली घालून 'प्रयत्न करतो' म्हणालो. फार शोभलं.

दुपारी शूटिंगच्या वाड्यासमोर कचरूचा टेम्पो येऊन उभा राहिला. आत निम्मी आळी. पुढे ड्रायव्हरशेजारी आई, इरकल लुगडं नेसून, मांडीवर धपाट्यांचं गाठोडं. मागे विजया. कचरूनं लांबूनच हाक मारली, श्रीमंता, आलो रे! आणि या दोघींना उतरवून बाकी आळीसकट टेम्पो सावलीत लावायला घेऊन गेला.

आई सरळ माझ्याकडे चालत आली. माझ्या तोंडाला मेकअप होता, तरी पदरानं घाम पुसला. रश्मी मॅडम कौतुकानं बघत होत्या. विचारलं, "या कोण?"

मी म्हणालो, "मावशी."

आईचा हात माझ्या गालावर होता, तो खाली आला.

मला वाटलं, आता संपलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि म्हणाली, "व्हय. थोरली मावशी हाय मी त्याची."

मॅडमनी तिचे हात धरले. म्हणाल्या, तुम्हीच वाढवलंत का यांना? फार बोलतात हो आईबद्दल. मागे विजया उभी होती. तिच्या हातातली पाण्याची कळशी तशीच राहिली.

मॅडमनी विचारलं, "किती लहान होते हे, आई गेल्या तेव्हा?"

आई म्हणाली, "लहान हुता. आजून बी लहानच हाय."

"कशानं गेल्या?"

आईनं गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. गाठीकडेच बघत म्हणाली, "काय कळलं न्हाई बाई. सकाळपत्तुर चांगली हुती. पाटं उठली, समद्यांचे धपाटे केले, चांगलं लुगडं नेसली. लई हौस हुती तिला. दुपारी गेली."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. आईनं त्यांना धपाटा दिला. ओमला दिला. मलाही दिला. मी खाल्ला. त्या वेळी मला असंही वाटलं की आईच्या अंगात उपजत अभिनय आहे, आणि माझ्यातला कुठून आला ते कळलं. तेव्हा वाटलं, हे मुद्दाम लिहितो.

शॉट लागला. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, मला यायला उशीर झाला. समोर चटईवर पांढऱ्या चादरीखाली एक बाई. बाहेर दोरीपलीकडे सगळी आळी. त्यात आई. माझ्या तोंडून आवाज निघेना. पुन्हा. पुन्हा. डायरेक्टर वैतागून रश्मी मॅडमना म्हणाला, हेच का ते तुमचं भोगलेलं? शेवटी म्हणाला, पाठीकडून घ्या, आवाज मुंबईत भरू.

पाठीकडून शॉट देणं सगळ्यात कठीण. चेहऱ्याची मदत नसते.

टेम्पोतून परत आलो. कचरूला काही माहीत नव्हतं, तो गाणी म्हणत होता. आळीतल्या बायकांनी आईला विचारलं, कसं केलं वो पोरानं काम? आई म्हणाली, "लई झ्याक."

१५ मार्च

विजया बोलत नाही. ताट आईनं वाढलं. समोर ठेवून म्हणाली, "जेव. मावशीनं वाढलंय."

रागानं नाही. पाऊस येईल का विचारावं, तशा आवाजात.

तिला धंद्याची गरज समजावून सांगायला हवी. उद्या सांगतो.

१९ मार्च

नाही सांगितलं. लग्नसराईच्या फोटोंचे रोल धुवायचे होते. आईला गुडघ्याचं तेल आणलं. तिनं विजयाला विचारलं, हे कुनी आनलं, भाच्यानं का?

विजया हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. म्हणजे वातावरण निवळतंय.

२४ मार्च, धुळवड

गावानं माझा सत्कार केला. मी नको म्हणत होतो, म्हणजे दोनदा म्हणालो. कचरूनं शाल आणली. मारुतीच्या पारावर माईक. काकासाहेब सरपंचांनी 'तिसगावचा तारा' म्हटलं. मग मला बोलायला सांगितलं.

माईक हातात आला की मला काय होतं कळत नाही. मी म्हणालो, "आज मी जो काही आहे तो माझ्या आईच्या आशीर्वादामुळे. अशी आई नशिबानं मिळते." टाळ्या पडल्या. बायकांच्या घोळक्यातून विजया उठली आणि निघून गेली. आई बसून राहिली. शेजारच्या बायका तिला कोपरानं ढोसत होत्या, छबूबाई, तुमालाच म्हनतोय. ती जमिनीकडे बघत होती, लाज वाटावी तशी.

ती लाज माझीच वाटत असणार. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

२ एप्रिल

रश्मी मॅडमना खरं काय ते फोन करून सांगायचं ठरवलं. बूथवर गेलो. नंबर लावला. ओमनं उचलला. विचारलं, पुढे काही रोल आहे का? म्हणाला, बघू. फोन ठेवला.

मॅडम घाईत असतील म्हणून विषय काढला नाही.

१७ एप्रिल

विजयाला म्हणालो, तू तरी बोल, मी वाईट माणूस आहे का? ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, वाईट असता तर सोपं हुतं. तुमी नुसते हायात.

याचा अर्थ लागला नाही. बहुधा चांगला असावा.

११ मे, रविवार

आमचा भाग लागला. कचरूच्या घरी रंगीत टीव्ही, अंगणात आणून ठेवला. आळी जमली. सत्काराची शाल घेऊन ये असा कचरूचा आग्रह, म्हणून नेली होती. लाईट जाईल अशी मला फार आशा होती. गेली नाही.

वाडा आला. रडणाऱ्या बाया आल्या. दारात एक पाठ येऊन उभी राहिली. पांढरा शर्ट. कोण्या दुसऱ्याच माणसाच्या गोड, भरदार आवाजात ती पाठ म्हणाली, "मला यायला उशीर झाला." आणि जाहिरात लागली.

मग कोणीतरी विचारलं, श्रीमंत कधी येनार हाय? एक पोरगं म्हणालं, तो न्हवताच तो, आवाज येगळा हुता. कचरू माझ्याकडे बघायचं टाळत अँटेना हलवायला लागला. हळूहळू हसू पसरलं. मी शाल मांडीखाली घेतली. मी स्वतःच म्हणणार होतो की नाही, तो मी नव्हतो, माझा सीन पुढच्या भागात आहे. तोंड उघडलंसुद्धा.

मागून आई म्हणाली, "तोच हाय."

पोरगं म्हणालं, कशावरून वो आज्जे, तोंड तर दिसलंच न्हाई.

"तोंड कशाला पायजे?" आई म्हणाली. "ही पाठ मी तेल लावून रगडलीय. उजवा खांदा खाली टाकून हुबा ऱ्हातो, ते दिसलं न्हाई का तुमाला? माझा पोरगा हाय त्यो. मी न्हाई वळखनार तर कोन वळखनार?"

हसू थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून घरी आलो.

१२ मे, सोमवार

तालीम केली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं ठरवलं होतं. आई ओट्यावर शेंगा फोडत होती. गेलो आणि नुसतं म्हणालो, "आई, मी चुकलो."

तिनं टरफलं झटकली. म्हणाली, उद्या करंजी गावाला लग्नाची ऑर्डर हाय म्हनं, रोल हायेत का? हायेत म्हणालो. मग म्हणाली, जेवून घे, पाटं उठायचं हाय.

आईनं माफ केलं, असं इथे लिहिणार होतो. पण तसं ती काही म्हणाली नाही.