निशातमधला त

३ फेब्रुवारी
घर भेटलं एकदाचं. घुग्घुसमध्ये अकरा दारं झाली होती. कोणी म्हणे पोरगा येणार हाये, कोणी म्हणे आमी शाकाहारी. माझं आडनाव शेख ऐकून नाई म्हणतो, असं मात्र कोणीच सांगत नाई. आज नसतं भेटलं तर दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून अहेरीले परत जायचं, हे ठरलंच होतं.
आशाबाई घरमालकीण, कानानं कमी. मी निशात म्हणलं, त्यांनी निशा ऐकलं. मी दुरुस्त केलं नाई. गरजवंताले अक्कल नसते, अन् मी लय थकली होती. आधीचा भाडेकरू मोहन गुणी होता म्हणे. खोलीत उजेड हाये. चहाही त्यांनीच पाठवला.

९ फेब्रुवारी
कोळशाची धूळ दोनदा पुसा, तिसऱ्यांदा हाये. सोबतची नर्स पुनम, घर नाकारलेल्यांच्या सह्या गोळा करून राह्यली. जात-धर्म पाहून घर नाकारणं बंद करा, असा अर्ज नगर परिषदेत द्यायचा हाये. सतरा तारखेले मीही पूर्ण नावानं सही करते म्हणलं. आशाबाईले कळलं तर कळू दे. लपून किती दिवस राहावं माणसानं?

१४ फेब्रुवारी
कपाट साफ केलं. आतल्या फळीवर खिळ्यानं कोरलेलं, मोहसीन. खाली पुन्हा मोहसीन, पुन्हा मोहसीन. शेवटच्या ओळीत मधला सी नाई. मोहन. खोडलेला नाई, तिथलं लाकूड कोरंच हाये.
मोहन कुठी गेला, आशाबाईले विचारलं. म्हणाल्या, कुठी जाते, इथीच तं हाये.

१५ फेब्रुवारी
दवाखान्यातल्या माझ्या नावाच्या बिल्ल्यावर नुसतं निशा. पुढं धूळ. पुसली, खाली काहीच नाई. पुनमही निशाच म्हणते. अम्मीले फोन लावला, नाव सांगितलं. तिनं विचारलं, कोण निशा?
मले भीती वाटून राह्यली.

१७ फेब्रुवारी
आशाबाईच्या कानाशी ओरडून सांगितलं. पूर्ण नाव, आडनाव, अहेरी, सगळं. त्या हसल्या. म्हणाल्या, हो बाई, सुरवातीले मोहनही असंच म्हणे —
पुनम अर्ज घेऊन खाली उभी हाये. आधी इथी लिहून पाहते —
निशा
निशा
एकच अक्षर राह्यलं. हात तिथंच थांबते. कपाटात कोणीतरी खिळ्यानं कोरून राह्यलं, घाईघाईनं, मले दाखवायले —
थांब, मोहसी — मोह —
लिहिते. माझं नाव निशा