अबीगईलने नवऱ्याला सांगितलं नाही

२ नोव्हेंबर, रविवार
ऑपरेशनला दोन दिवस झाले. स्वरयंत्रावरची गाठ काढली. साधी निघाली, देवाचे आभार. पण डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते गाठीपेक्षा वाईट. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजीनं म्हणे जास्त ताण पडतो. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, अकरा वर्षं दर बुधवारी घरी बायबलचा शास्त्राभ्यास घेतला, त्याचं हे बक्षीस.
"सर, तुम्ही बोलत नाही, ओरडता," म्हणाल्या. वय असेल बत्तीस.
म्हणून ही वही. कुठंतरी बोललं पाहिजे.
आज चर्चच्या उपासनेत गीताच्या वेळी तोंड मिटून उभा. पाळक साहेबांनी वरून जाहीर केलं, "आपले शांतवन सर सध्या जखऱ्यासारखे मुके आहेत." मंडळी हसली. नको तितकी हसली. जखऱ्यानं देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेली. मी कोणावर विश्वास ठेवला नाही?

४ नोव्हेंबर, मंगळवार
सुमनशी संसार करायला वही पुरत नाही. लिहून दाखवलं: वरणात मीठ नाही.
"चष्मा कुठी ठेवला काय माहीत."
मोठ्या अक्षरात लिहिलं.
"ठेवा तिथं. मंग वाचतो."
दिवसभरात सात चिठ्ठ्या टेबलावर जमल्या. एकही वाचली नाही. दुपारी त्यांच्यावरच लसूण सोलत बसली.

५ नोव्हेंबर, बुधवार
या हिवाळ्याचा विषय मीच ठरवला होता: शास्त्रातली माणसं. पेत्र, गिदोन, एलीया, योना. प्रत्येकाचे मुद्दे, उपमुद्दे तयार. आज पेत्र. माझ्याऐवजी वसंता घेणार होता. वसंताचं पंक्चरचं दुकान आहे, माणूस चांगला, शिक्षण नववी. त्याला चार पानं टिपणं दिली. त्यानं घडी करून खिशात घातली ती बाहेर काढलीच नाही.
"पेत्र बुडून राह्यला होता तवा त्यानं लंबी प्रार्थना नाही केली. 'प्रभुजी, मला वाचवा.' तीन शब्द. आपले सर असते तं प्रस्तावना करता करताच बुडाले असते."
हशा. मी समोरच बसलेलो. खोकलोसुद्धा नाही, खोकायलाही बंदी.
नंतर लोकांनी प्रश्न विचारले. अर्धा तास. अकरा वर्षांत मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. मला वाटायचं, सगळं समजतंय म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार
सुमन वणीला, भगिनी मंडळाला. दुसऱ्या नि चौथ्या शनिवारी जाते, दोन वर्षं झाली. सकाळी सातची एस.टी., संध्याकाळी परत. पिशवी इतकी जड की मी रिक्षापर्यंत उचलून दिली. प्रार्थनेला जाऊन एवढं काय खातात या बायका?
दुपारी वानरं पपईवर. टाळ्या वाजवल्या, ताट बडवलं. एक हुप्प्या माझ्याकडं बघत बघत पपई खात बसला. शेवटी ओरडलो. एकच शब्द, इथं लिहिण्यासारखा नाही. वानर हललं नाही. घसा मात्र...

१० नोव्हेंबर, सोमवार
यवतमाळ. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. "बोललात?" मी मान हलवली, नाही.
सुमन बाजूनं, "वानरावर ओरडले. शेजारीणबाईनं आयकलं."
पंधरावर आणखी आठ दिवस. म्हणजे चोवीस तारखेपर्यंत.

१२ नोव्हेंबर, बुधवार
वसंताकडे लग्न, पाळक साहेब दिग्रसला अडकलेले. सुमन म्हणाली, "मी घेतो."
मराठीच्या मास्तराशी तीस वर्षं संसार केला, पण ही बाई 'घेते' म्हणत नाही. मी लिहिलं: तू? ते मात्र तिला चष्म्याशिवाय वाचता आलं.
गिदोनाची टिपणं हातात दिली. गिदोन घेतलाच नाही. ईयोबाची बायको घेतली! जिचं नावसुद्धा शास्त्रात नाही, जी नवऱ्याला 'देवाला शाप दे आणि मर' म्हणते, ती.
"तिची बी दहा लेकरं मेली होती," सुमन म्हणाली. "ईयोबानं पुस्तकभर बोलून घेतलं. तिले एक वाक्य भेटलं, अन् तेच आपण आजवर तिच्या तोंडावर मारून राह्यलो. शेवटी देवानं ईयोबाले पुन्हा दहा लेकरं देली म्हणतात. बरं झालं. पण कळा कोणाले आल्या?"
मागच्या सतरंजीवरच्या दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या.
मी वहीत टिपलं: देवाच्या सार्वभौमत्वाचा मुद्दा राहून गेला. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं. राहूनच गेला होता ना.

१६ नोव्हेंबर, रविवार
उपासनेनंतर बायकांनी सुमनला घेरलं, पुढच्या बुधवारी कोण, म्हणून. मला कसे आहात कोणी विचारलं नाही. पाळक साहेब म्हणाले, "सर, बाईंना चालू ठेवू द्या."
चालू ठेवू द्या म्हणजे? मी कधी अडवलं? हे कागदावर लिहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात. माझ्या कागदांच्या घड्या घालणं एवढंच काम उरलंय या मंडळीला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज तिनं अबीगईल घेतली. पुन्हा यादीबाहेरची.
नाबाल पैसेवाला, तोंडाचा फाटका. दाविदाची उपाशी माणसं दारात आली तर शिव्या देऊन हाकलली. दावीद तलवारी घेऊन निघाला. नाबालाची बायको अबीगईल, हिनं भाकरी, मटण, हुरडा, अंजिरं गाढवांवर लादली आणि आडवी गेली. घर वाचवलं. इथवर ठीक.
"अन् शास्त्रात पुढं काय लिहेल आहे? तिनं नवऱ्याले सांगितलं नाही." सुमन थांबली. पाणी प्यायली. "काहून सांगितलं नाही? त्याच्या नोकरानंच सांगून ठेवलं होतं, मालकाशी बोलाची सोय नाही."
सोळा माणसं खोलीत. एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. वसंता स्वतःच्या अंगठ्याकडं बघत होता. पाळक साहेब छताकडं.
मला कळायला वेळ लागला, सुमनची जड पिशवी आठवेपर्यंत. मुलांना शब्दामागचा अर्थ काढायला शिकवण्यात जन्म गेला माझा.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी चहाच्या वेळी लिहिलं: वणीला भगिनी मंडळ आहे का?
तिनं उठून चष्मा आणला, लावला, वाचलं. "नाही."
वणीहून पुढं राजूरला जाते. आशिषकडे.
आशिष आमचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी वैशालीशी कोर्टात लग्न करून दारात उभा राहिला, तेव्हा मी काय ओरडलो ते गल्लीला अजून पाठ असेल. तिच्या घरचे बौद्ध. मी मंडळीचा वडीलजन, कारभार बघणारा, आणि माझ्याच मुलाच्या लग्नाला चर्च नाही, पाळक नाही, आशीर्वाद नाही. या घरात पुन्हा पाय ठेवू नको म्हणालो. ठेवला नाही. खाणीत इलेक्ट्रिशियन आहे, एवढं मला उडत उडत माहीत होतं.
सुमननं पुढं सांगितलं, "पोरगी झाली त्याले. चौदा महिन्यांची आहे. मैत्री नाव ठेवलं."
चौदा महिने.
लिहिलं: मंडळीत कोणाला माहीत?
"सगळ्याइले."
पाळकांना?
"त्याईनंच मले पहिल्या खेपेले गाडीवर नेलं."
पेन फेकला. तिनं उचलून आणून दिला. लिहिलं: मला एकानं सांगायचं नाही?
"बोलाची सोय होती काय?" आणि मग, अगदी सावकाश, "वैशालीचा आजा अन् तुमचा आजा एकाच विहिरीवरून हाकलल्या गेले होते. एक येशूकडे आला, एक बुद्धाकडे गेला. तुम्ही कोणाले दारातून हाकललं, काही समजलं होतं काय त्या दिवशी?"
मी लिहिलं: मी जात काढली नव्हती, धर्माचं बोललो होतो.
वाचून कागद परत केला. "हे आशिषले दाखवा."
बायकोनं सकाळी सगळं सांगितल्यावर नाबालाचं काळीज दगड झालं आणि दहा दिवसांनी तो मेला, असं लिहिलंय. मी दुपारी जेवलो. काय ते आठवत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पाळकांवर राग. वसंतावर राग. सुमनवर तर काय सांगायचं. अकरा वर्षं यांना शास्त्रातली माणसं शिकवली आणि यांनी माझ्यात नाबाल पाहिला. मी स्वतःला पौल समजत होतो. फार तर पेत्र.
देवावरही थोडा राग. बोलता येत असताना का नाही दाखवलं हे? निदान भांडलो असतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सुमन उघड गेली. दारात विचारलं, "येता?" मान हलवली, नाही. पिशवी उचलायला पुढं झालो तर तिनं स्वतःच उचलली.
दिवसभर काही सुचलं नाही. एलीयाची टिपणं काढून बसलो, दोन ओळींच्या पुढं गेलो नाही.
संध्याकाळी आल्यावर तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. "फोटो आहे. पाह्याचा असन तं." आणि अंगणात गेली. बराच वेळ गेली. मुद्दाम.
पाहिला. पोरीचे कान माझ्या आईसारखे, सुपासारखे बाहेर आलेले. एवढ्या मोठ्या खानदानात घ्यायला दुसऱ्या कोणाचे कान सापडले नाहीत!
पुन्हा पाहिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
यवतमाळ. "आता बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळू, थोडं. काहीही म्हणा."
सुमन समोर बसलेली. तीन आठवडे बोलायला तडफडत होतो आणि एक शब्द सुचेना. शेवटी "बरं," म्हणालो.
तो माझा आवाज नव्हता. जाड, फाटका, खाली बसलेला. असाच राहील का, विचारलं. सांगता येत नाही, म्हणाल्या. ओरडणं मात्र कायमचं बंद.
यवतमाळ ते पांढरकवडा, घरी परतताना एस.टी.त सुमन खिडकीकडं तोंड करून. बाहेर कापूस वेचायला बाया लागलेल्या. मी काही बोललो नाही. आता तर डॉक्टरांचं कारणही नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
पाळक साहेब म्हणाले, "सर, आज तुम्ही घ्या." आज योना होता. सगळे सरसावून बसले. मी टिपणं उघडली. योना: निनवेच्या लोकांना देवानं माफ केलं म्हणून शहराबाहेर फुगून बसलेला संदेष्टा. चार मुद्दे काढले होते, गेल्या पावसाळ्यात, मोठ्या हौसेनं.
पहिला मुद्दा वाचला. स्वतःशीच.
"सुमन घेईल," म्हणालो आणि बसलो. वसंतानं न सांगता पाणी आणून दिलं. त्याच्यावरचा राग तसाच आहे. पाणी प्यालो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सुमन बाजारात गेली तेव्हा तिच्या मोबाइलमधून नंबर काढून माझ्या फोनवरून लावला.
"हॅलो, कोण?"
"मी."
"मी कोण? कोण बोलून राह्यलं?"
मुलगा आवाज ओळखेना. पूर्वी मी नाक्यावरून हाक मारली तरी हा मैदानातून पळत यायचा.
"आशिष. बाबा बोलतोय."
मागं कुठंतरी भांडं पडलं, लहान पोर खिदळलं.
"आईले काही झालं काय?"
तीन वर्षांनी बापाचा फोन आला तर मुलाच्या मनात आधी हे आलं.
"नाही. आई बरी आहे."
"मंग?"
"शनिवारी यावं म्हणतो," एवढं निघालं.
"माह्यी ड्युटी आहे शनिवारी," तो म्हणाला. नंतर, "वैशालीले विचारतो." ठेवला.
वैशालीला विचारतो! माझ्या मुलाच्या घरी जायला मला... असो. विचारू दे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
दुपारी वैशालीचा फोन. तिचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला.
"सर, मी वैशाली." सर म्हणाली. बाबा नाही.
"तुम्हाले यायचं असन तं या. घर तुमच्या पोराचं बी आहे. पण दोन गोष्टी अगोदर सांगून ठेवतो. भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो आहे, तुम्ही येता म्हणून तो काढणार नाही."
"नको काढू."
"दुसरं. पोरीसमोर आवाज चढवायचा नाही. माह्यावर नाही, आशिषवर नाही."
"बाई, आवाज राहिलाच नाही. डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली आहे."
"डॉक्टरांचं नाही इचारून राह्यलो, सर. तुमचं इचारून राह्यलो."
एवढीशी पोर, आणि उलट तपासणी घेते! माझ्या तोंडात काय काय आलं होतं. गिळलं. शेवटी तीच म्हणाली, "विचार करा अन् संध्याकाळपर्यंत सांगा." ठेवला.
आता साडेपाच. सुमन स्वयंपाकघरात. फोन कोणाचा होता ते तिला कळलंय, विचारत नाही. उद्या सातची गाडी धरायची तर तिला आत्ताच सांगायला हवं.
वैशालीला काय सांगायचं ते आधी लिहून पाहतो आहे, तोंडानं घोळ होऊ नये म्हणून. चार वेळा लिहिलं. पहिलं वाक्य दर वेळी बरं येतं. दुसरं चारही वेळा 'पण'नं सुरू झालं.
पाचवा कागद घेतला आहे.