विहीर क्रमांक चार, संध्याकाळचे पाणी

मी, खाली सही करणार, वय वर्षे सत्तेचाळीस, अविवाहित, शहर पाणीपुरवठा खात्यात विहिरींच्या पाण्याचे नमुने घेण्याच्या कामावर चोवीस वर्षे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कोणी भरीस न घालता लिहून ठेवत आहे. येत्या गुरुवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी विचारले, आज वार कोणता? मी म्हटले, विहीर चारचा. ते पेन उचलून माझ्याकडे बघत राहिले. मंगळवार म्हटल्यावर त्यांनी सही केली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाटून देण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही, आणि जे आहे ते कोणाला मिळाले तरी मला चालले असते. फक्त एका जागेचे तसे नाही. वडिलांच्या गॅरेजची ती मोकळी जागा विहीर क्रमांक चारच्या वरच्या अंगाला, उतारावर आहे. मी काही न लिहिता गेले तर ती माझ्या भावाकडे, दादाकडे जाईल. तिथे गाड्या धुण्याचे केंद्र काढायचे असे त्याने ठरवून ठेवले आहे. तसे झाले तर आसपासच्या सगळ्या वस्तीचे पिण्याचे पाणी जाईल, आणि ते परत येणार नाही. म्हणून हा खटाटोप.

कलम १. मी राहते ते दोन खोल्यांचे घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, द्यावे. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळतो. त्यासाठी कोणाला बोलावू नये, रबरी चकती वरच्या खणात आहे. भाचीचे तोंड फटकळ आहे, पण हात स्वच्छ आहेत. एकदा ती मला म्हणाली होती, "आत्या, बाटलीतल्या पाण्याकडे बघतेस तसं एखाद्या माणसाकडे बघितलं असतंस ना, तर आज मला काका असता." मी तेव्हा रागावले होते. तो राग या कलमाने मागे घेते.

कलम २. बर्फाची पेटी, बाटल्यांचा लाकडी खोका आणि स्पिरिटचा दिवा खात्याचे आहेत, ते परत करावेत. काचेचा थर्मामीटर माझ्या पैशाने घेतलेला आहे. माझ्या जागी जे कोणी येईल त्याला किंवा तिला तो द्यावा, आणि सोबत एक गोष्ट सांगावी. आमची पद्धत अशी: सकाळी पंप सुरू झाला की दहा मिनिटे पाणी वाहू द्यायचे, नळाच्या तोंडावर ज्योत फिरवायची, बाटली भरायची, चिठ्ठी चिकटवायची. मी ती पंधरा वर्षे एकदाही चुकवली नाही. दर मंगळवारी सकाळी आठला मी विहीर चारवर हजर असे. वस्तीत मला बाटलीबाई म्हणतात (नवीन माणसाला ऐकून भलताच संशय येतो) आणि लोक माझ्यावरून घड्याळ लावत. त्या वक्तशीरपणाचा मला फार अभिमान होता. नव्या माणसाने वेळ बदलत राहावे. का, ते कलम चारमध्ये आहे.

कलम ३. वडिलांची सगळी हत्यारे, पान्यांचा संच आणि लोखंड पकडायचा मोठा व्हाइस दादाला द्यावा. ती आधीच त्याला मिळायला हवी होती. तो बाराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली इंजिने उघडत होता आणि माझ्या कॉलेजची फी त्या कामातून गेली. हे मी विसरलेले नाही. गाड्या धुण्याच्या केंद्रावरून आमचे भांडण झाले तेव्हा त्याला वाटले, मी विसरले.

"आपल्या बापाच्या गॅरेजवर शिकलीस तू, आणि आता त्याच्याच नावाला काळं फासणार?"

"दादा, लोक पितात ते पाणी."

"लोक काहीही पितात."

त्यानंतर आम्ही दोन वर्षे बोललेलो नाही. हे वाचले जाईल तेव्हा मी ऐकायला नसेन, म्हणून शेवटचा शब्द त्याला घेता येईल. त्याने तो घ्यावा. व्हाइसचा दांडा सैल झाला आहे, तेवढा घट्ट करून घ्यावा.

कलम ४. आता ती जागा. वडिलांनी हयातीत राहते घर दादाच्या नावे आणि ही जागा माझ्या नावे केली. ती मी शहर पाणीपुरवठा खात्याला पुढील अटींवर देते: तिथे कोणतेही वाहन उभे करू नये, डिझेल, रंग, औषध यांचे एकही पिंप ठेवू नये, बांधकाम करू नये, खड्डा खणू नये. अपवाद फक्त कलम पाचमधल्या खड्ड्याचा. गवत उगवू द्यावे. अट मोडली तर जागा भाचीकडे जाईल. तिने ती विकू नये आणि खात्याला कोर्टात खेचावे. त्या कामी तिचा फटकळपणा उपयोगी पडेल.

अटी का, ते सांगते.

माझे बाबा स्वच्छतेचे इतके भोक्ते होते की गॅरेजच्या फरशीवर तेलाचा डाग दिसला तर जेवत नसत. सुटे भाग धुवायचे औषध एका पत्र्याच्या टाकीत असे. ते काळे झाले की डब्यात काढायचे आणि मागच्या शोषखड्ड्यात ओतायचे. खड्डा दगडगोट्यांचा होता. ओतलेले क्षणात नाहीसे होई आणि फरशी लख्ख राही. डबा ओतायचे काम शाळेतून आल्यावर माझे होते. दादाचे हात इंजिनात असत, म्हणून. मला ते आवडायचे. फस्स असा आवाज येई, थोडी वाफ नाकात जाई, आणि बाबा आतून म्हणत, "शाब्बास, झालं का साफ?"

नऊ वर्षांपूर्वी, विहीर चारच्या पंपखोलीबाहेर इस्त्रीची टपरी लावणाऱ्या ताईने मला हटकले. वस्तीत संध्याकाळच्या पाण्याला वास येतो, असे ती म्हणाली. मी वही उघडून दाखवली: पंधरा वर्षांचे नमुने, एकात खोट नाही.

"सकाळच्या कपड्यांवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली तर काही नाही," ती म्हणाली. "संध्याकाळच्या कपड्यांतून वाफेबरोबर वास उठतो. गिऱ्हाइकं मला बोल लावतात, रॉकेल लावतेस का म्हणून."

"नमुना व्यवस्थित आहे, ताई."

"असेल हो. पण बाई, तुमची बाटली सकाळची. आम्ही पाणी पितो संध्याकाळचं."

मी हसले. घरी गेल्यावर मात्र हसू गेले. पंप बंद असताना विहिरीत जवळचे पाणी साचते. सकाळी दहा मिनिटांत मी तेच उचलत होते. पंप आठ-दहा तास चालला की विहीर लांबचे पाणी ओढते, उतारावरचे. हे मला शिकवले होते, परीक्षेत मी ते लिहिले होते, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण पद्धतीत सकाळ होती, म्हणून मी पंधरा वर्षे सकाळीच गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला बाटली भरली. बूच काढून नाकाजवळ नेली. पाण्याला बाबांच्या हातांचा वास होता.

बाटली बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर यायच्या आधीच मी बाबांकडे गेले. ते चिंधीला हात पुसत होते. मी खड्ड्याचे सांगितले.

"जमिनीत गेलं ते गेलं गं. जमीन सगळं गिळते."

"गिळत नाही, बाबा. हळूहळू पुढे सरकवते."

त्यांनी तीच बोटे पुन्हा पुसली. मग म्हणाले, "तू पितेस का ते पाणी?"

आमच्या घरी दुसऱ्या विहिरीचे पाणी येते. मी नाही म्हटले. पंपखोलीत दर मंगळवारी मला मिळणारा चहा त्याच पाण्याचा असतो, हे सांगितले नाही.

"मग ठीक," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सिमेंट कालवून खड्ड्यावर झाकण बसवले आणि टाकी भंगारात दिली. पण झाकणाखाली तीस वर्षांचे ओतलेले तसेच आहे, आणि वर गाड्या धुतल्या तर मुरणारे पाणी ते सगळे विहिरीकडे ढकलेल. ते 'मग ठीक' मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची माया जिथपर्यंत दिसे तिथपर्यंत होती, एवढेच. माझी तेवढीही नव्हती, ते कलम सातमध्ये येईल.

माझ्या आजाराशी त्या चहाचा संबंध मी जोडत नाही. पुरेसे नमुने नसताना निष्कर्ष काढू नये.

कलम ५. बँकेत जे असेल त्यातून शस्त्रक्रियेचे आणि अंत्यविधीचे भागवून उरलेले सगळे खड्डा उकरून औषध मुरलेली माती नीट ठिकाणी हलवण्यासाठी वापरावे. माझ्या नावाची पाटी कुठेही लावू नये. बाबांच्याही नको.

कलम ६. आमच्या साहेबांना मी एक रिकामी बाटली देते. तिच्यावर चिठ्ठी लावून ठेवली आहे: 'संध्याकाळी सहा'. संध्याकाळीही नमुने घेऊ द्या म्हणून मी तीनदा अर्ज केला. "बाई, सकाळचा नमुना ही आपली पद्धत आहे. पद्धत बदलली की मागच्या सगळ्या आकड्यांवर प्रश्न येतात," असे ते म्हणाले. ते बरोबर बोलत होते, म्हणूनच मला त्यांचा इतका राग आहे. बाटली त्यांनी टेबलावर ठेवावी.

कलम ७. प्रयोगशाळेचे उत्तर आल्यावर मी ते चाळीस दिवस खणात ठेवले. त्या चाळीस दिवसांत वस्ती संध्याकाळचे पाणी पीत होती. मग अहवाल दिला. आकडे खरे लिहिले. 'संभाव्य उगम' या रकान्यात मी लिहिले: अज्ञात. त्यावरून खात्याने पंप सकाळी फक्त चार तास चालवायचा असा नियम केला आणि विषय संपवला. ज्याचा उगमच माहीत नाही ते कोण उकरणार? वर्षभराने बाबा गेले. त्यानंतरही मी तो शब्द बदलला नाही. आधी बाबांसाठी, मग दादासाठी, मग नोकरीसाठी. कारणे बदलत गेली, शब्द तोच राहिला. सबब, माझ्या पश्चात या मृत्युपत्राची प्रत खात्यात द्यावी आणि विहीर चारच्या नोंदवहीत 'अज्ञात' खोडून योग्य तो उगम लिहावा.

मजकूर इथे संपत होता. पुढचे पंपखोलीत बसून लिहिले आहे.

साक्षीदार म्हणून मी इस्त्रीवाल्या ताईला आणि पंपवाल्या काकांना बोलावले. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून या दोघांच्या नावे वर काही नाही. ताईने सही करायचे नाकारले. "ऐकल्याशिवाय अंगठासुद्धा देत नाही मी, सही तर लांबच." मी सगळे वाचून दाखवले. पंप चालू होता, म्हणून मोठ्याने वाचावे लागले. बाबांच्या हातांचा वास मला ओरडून सांगावा लागला.

शेवटी ताई म्हणाली, "पश्चात म्हणजे तुम्ही मेल्यावर?"

"हो."

"आणि समजा वाचलात तर?"

मी कागद उलटून कलम सात पुन्हा पाहिले.

"आम्ही आत्ता पितोय ना बाई ते. तुम्ही म्हातारपणी निवांत मराल, तोवर आम्ही काय वाट बघायची?"

मी चार तासांच्या नियमाचे सांगितले. ती काकांकडे वळली. "सांगा हो, चार तास कुठले ते."

काका जमिनीकडे बघत होते. "उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. साहेब म्हणतात, चालव. मागं कधीतरी कुठून तरी काही आलं होतं, आता गेलं असेल, असं म्हणतात. वहीत तसंच आहे ना, अज्ञात." मग हळूच म्हणाले, "आज आठपासून चालू आहे."

मी घड्याळ पाहिले. पाच वाजत होते.

विहिरीची नोंदवही याच खोलीत खिळ्याला टांगलेली असते. ती मी स्वतः उतरवली. नऊ वर्षांपूर्वीचे पान काढले. माझेच अक्षर, नीटनेटके. 'अज्ञात'वर एक रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिले: 'वरच्या उतारावरील गॅरेजचा शोषखड्डा. जागा माझ्या वडिलांची, आता माझी. त्यात मीही ओतले आहे. हे मला तेव्हापासून माहीत होते.' खाली सही आणि आजची तारीख घातली.

उद्या सकाळी या पानाची नक्कल साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. नोकरीचे काय व्हायचे ते होईल. तिथून दादाकडे जाईन. त्याला हे बाहेरून कळू नये. तो दार उघडेल की नाही, माहीत नाही.

सबब, कलम ७ रद्द. ते हयातीत पुरे केले. कलम ५ मधील खड्डा उकरण्याचे काम माझ्या मरणाची वाट न पाहता सुरू करावे, आणि मी जगले तर माझ्या देखत करावे. खाडाखोड माझी आहे आणि तिच्यावर माझी सही आहे.

"आता करते सही," ताई म्हणाली. "पेन द्या. आणि काका, तुम्ही आधी ते बटण बंद करा."

साक्षीदार १: इस्त्रीवाली, पंपखोलीसमोर. (सही) सगळे ऐकून सही केली.

साक्षीदार २: पंपवाले काका, विहीर क्रमांक चार. (सही)

लिहून ठेवणार: बाटलीबाई, नमुने घेणारी. (सही)

स्थळ: विहीर क्रमांक चारची पंपखोली
दिनांक: १२ मार्च २०२४, मंगळवार
वेळ: संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटे
पंप: नऊ तास चालू होता. आता बंद.